औषधाला विटाळ नाही

खोतानं मला काठीनं मारलं. हातानं मारलं असतं तर त्याला आंघोळ करावी लागली असती.

काठी उजव्या मनगटावर बसली. हातातला औषधाचा ग्लास खाली पडून फुटला. मिक्श्चर फरशीवर सांडलं, माझ्या पांढऱ्या पातळावर उडालं. डाव्या हाताच्या कोपरात त्याच्या सुनेचं डोकं होतं. ते मी सोडलं नाही. सोडलं असतं तर खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं असतं. म्हणून दुसरी काठी पाठीवर बसली तरी मी तशीच वाकून राहिले. मग तिचं डोकं हळूच उशीवर ठेवलं आणि सरळ उभी राहिले.

"कुणाच्या तोंडाला हात लावत्येस, ठाऊक आहे?" खोत म्हणाला.

ठाऊक होतं. सून त्याची होती. पहिलटकरीण. मूल पोटातच गेलेलं, ते डॉक्टरांनी काढलं, आणि आता तिला बाळंतरोगाचा ताप भरला होता. ओठांना भेगा. जीभ सुकलेली. भांडं उचलून तोंडाला लावण्याएवढीही ताकद तिच्या हातात नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

रत्नागिरीतल्या दवाखान्याचा बायकांचा वॉर्ड. सकाळची वेळ, सगळ्या खाटा भरलेल्या. दाराशी चंद्राबाय उभी होती, आमच्या वॉर्डातली आया, भंडारी जातीची. तिनं मान खाली घातली. पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी वाकून काहीतरी करत होती. मला वाटलं, काचा गोळा करते आहे. ती आपलं गाठोडं वर ओढून घेत होती, सांडलेलं औषध तिथवर वाहत येऊ नये म्हणून.

"पेन्शनर महाराची पोर ना तू? गावात असतीस तर दाखवलं असतं," खोत म्हणाला आणि गेला. जाताना काठीचं टोक त्यानं पायरीजवळच्या गवतात घासून घासून पुसलं.

काचा मीच वेचल्या.

त्या दवाखान्यात औषध देण्याची एक पद्धत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती. मी रुजू झाले तेव्हा चंद्राबायनं मला समजावून सांगितली होती. प्रत्येक बाईच्या उशाशी तिचं घरचं फुलपात्र असायचं. मी बाटलीतून मिक्श्चर ग्लासात मोजायचं. मग ग्लास उंच धरून फुलपात्रात ओतायचं. ग्लास भांड्याला लागता कामा नये. मग मी बाजूला व्हायचं आणि तिनं प्यायचं. याला सगळे 'वरून देणं' म्हणायचे. नवी आलेली माणसं खाटेवर टेकायच्या आधीच बजावायची, "नर्सबाई, वरून द्या हां."

औषध म्हणजे गंगाजळ आणि वैद्य म्हणजे नारायण, असं मोठी माणसं सांगतात. औषधाला विटाळ नाही. डॉक्टरला विटाळ नाही. बाटली कुठल्या मुलखातून आली, ती कुणी भरली, कुणी विचारत नाही. मग विटाळ उरतो कुठं? मधल्या हातात. मी त्या कामात इतकी तरबेज झाले होते की एक थेंब भांड्याबाहेर जात नसे. नव्या आया बघत राहायच्या.

यातली खरी गंमत निराळीच आहे. बाळंतिणीच्या अंगाला आमचा हात पूर्वापार चालतो. माझी आई सुईण होती, तिची सासूही सुईण. लांज्याकडच्या आमच्या गावात खोताच्या घरची बाळंतपणं आमच्याच बायकांनी केली. मागल्या दारानं आत जायचं, बाईला सोडवायचं, नाळ कापायची, वार पुरायची, मागल्याच दारानं बाहेर यायचं. हा खोत जगात आला तो माझ्या आजीच्या हातांवर. त्याच्या अंगाला पहिला हात लागला तो महाराच्या बाईचा. तेव्हा त्यानं तक्रार केली नाही, कारण त्याला बोलता येत नव्हतं.

बाळंतीण दहा दिवस विटाळाचीच. घरातलं माणूसही तिला शिवत नाही. म्हणून आमचा हात चालतो. पोट चोळ, पाठ शेक, घाण काढ. पण घोटभर पाणी पाजू नकोस. अंग तुझं, तोंड आमचं. अशी ती वाटणी होती आणि माझ्या आईनं ती जन्मभर पाळली.

खोताची बायको सुनेसोबत आली होती. आवारातल्या धर्मशाळेत राहायची, सोवळ्यानं स्वयंपाक करायची, म्हणून सुनेला शिवायची नाही. तीही सुनेला पाणी वरूनच द्यायची. उशाशी ठेवलेलं फुलपात्र भरायची आणि लांब जाऊन बसायची. सुनेला ते उचलता येत नव्हतं. औषध भांड्यात तसंच राहायचं, त्याला मुंग्या लागायच्या. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, घरच्यांना समजावा. सासूला सांगितलं. ती म्हणाली, बघू. बघता बघता ताप चढत होता. मग त्या सकाळी सासू विहिरीवर गेलेली असताना मी सुनेच्या मानेखाली हात घातला, डोकं उचललं आणि ग्लास तिच्या ओठांना लावला. ती प्याली. घोट गळ्यातून उतरताना मला दिसला. दुसरा घोट घेत होती, तेवढ्यात काठी बसली.

माझा बाप पहिल्या जर्मन लढाईत मजुरांच्या पलटणीत बसऱ्याला गेला होता. तिथं तो तापानं पडला. लष्करी दवाखान्यात एका गोऱ्या नर्सनं त्याच्या मानेखाली हात घालून त्याला पाणी पाजलं. परत आल्यावर तो ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचा की आईला वीट आला होता. "लढाईतला आनिक काय आठवत न्हाय काय तुमाला?" ती विचारायची. बाप म्हणायचा, "न्हाय." गावात कुठल्याच विहिरीवर त्याला कुणी पोहरा दिला नव्हता. परक्या मुलखात परक्या बाईनं हातानं पाणी दिलं. त्याचं त्याला इतकं अप्रूप होतं की त्यानं मला मिशनच्या शाळेत घातलं. खोताच्या मनात ते तेव्हापासून सलत होतं.

पुढं लग्न झालं, मुंबईला गेले. नवरा गिरणीत होता. तापातच गेला तो, मूलबाळ व्हायच्या आधी. मग मी मुंबईच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकले. शिकताना आईला भेटायला गावी गेले होते. तिनं माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. "हातावर जग येतंय गो आपल्या," ती म्हणाली. "हात जप." ती गेली तेव्हा मी परीक्षेला बसले होते. बाप त्याच्या आधीच गेला होता. परीक्षा झाली, नोकरी लागली, आणि मी बोटीनं रत्नागिरीच्या बंदरात उतरले. बरोबर एक ट्रंक. उतरवून घ्यायला कुणी नाही.

मला राहायला जांभ्याच्या गडग्याला, आवाराच्या कुंपणभिंतीला लागून एक खोली होती. पलीकडे माड, त्यापलीकडे समुद्र, दिसायचा नाही, ऐकू यायचा. मी एकटी रांधायची, एकटी जेवायची. चंद्राबाय दारात यायची, उंबऱ्याबाहेर बसून तासभर बोलायची, मी दिलेलं पान तेवढं खायची नाही. पान पदरात बांधून न्यायची आणि वाटेत टाकायची. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तरी मी देत राहिले, कारण ती आली नसती तर माझ्या खोलीत माणसाचा आवाज नव्हता.

मार खाल्ला त्या दुपारी ती आली. मनगट सुजलं होतं, मी मिठाच्या गरम पाण्यात धरलं होतं.

"तुला काय गरज होती गो?" ती म्हणाली. "वरून दिलं असतंस, संपलं असतं."

"ती पीत नव्हती."

"नाय तर नाय. तुझी कोन लागते ती?"

कोण लागते? माझी पेशंट लागते, असं म्हणायचं होतं, पण आमच्या भाषेत असं नातं नाही. मला रडू आलं. चंद्राबाय उठून गेली नाही, पण जवळही आली नाही. उंबरा तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. ते त्यांच्या खोलीत, खोत समोरच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. मी व्हरांड्यात. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. मासेमारीत हात कापलेल्या खारव्याला रात्ररात्र जागून वाचवलेलं मी बघितलं आहे. पण खोताचं वजन मोठं, ओळखी कचेरीत वरपर्यंत. डॉक्टरांची तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी अवस्था होती. फरक इतकाच, की बुक्क्या मला बसल्या होत्या.

"बाई, प्रकरण वाढवायला नको," ते म्हणाले. "खोतसाहेबांची माफी मागा. ते तक्रार मागं घेतील."

तक्रार त्यांची होती! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"माफी कशी मागायची तेही सांगा तिला," खोत म्हणाला.

डॉक्टरांनी टेबलावरचा टाक उचलला, खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथूनच. उंबऱ्याबाहेर. डोकं टेका, पुरे."

म्हणजे पाया पडायचं, पण पायाला हात लागता कामा नये. माझ्या आजीनं असं डोकं टेकलं होतं. आईनं टेकलं होतं, नाळ कापून बाहेर आल्यावर, त्याच हातांनी जमीन धरून. मला ते आठवलं आणि पहिल्यांदा राग आला. काठी बसली तेव्हा आला नव्हता. तेव्हा नुसती लाज वाटली होती, मार खाणाऱ्याला वाटते ती. आता लाज कुठं गेली कुणास ठाऊक.

"मी औषध दिलं," मी म्हणाले. "माफी कसली?"

"नोकरी हवी ना तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले.

"हवी. म्हणूनच मागणार नाही. आज डोकं टेकलं तर उद्या नाडी कुठल्या हातानं बघू?"

खोत हसला. "नाडी बघत्येय," तो म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला जायला सांगितलं.

संध्याकाळी हुकूम आला. बायकांच्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. आवाराच्या टोकाला साथीची खोली होती, तिथं काम करायचं. पुढचं पुढं बघू. डॉक्टरांना सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं असणार.

साथीची खोली म्हणजे कौलारू छप्पर, जांभ्याच्या भिंती, एक खिडकी. पटकीचे पेशंट तिथं आणून टाकायचे. नातेवाईक दारापर्यंत यायचे, तिथून पळायचे. तिथं फुलपात्रं नव्हती. सोवळं नव्हतं. पटकीच्या तहानेपुढं कुणाला जात आठवत नाही. "पानी" एवढाच शब्द. मी मानेखाली हात घालायची, पाणी पाजायची. कुणी वरून मागितलं नाही.

पूर्णगडची एक खारवीण मचव्यातून आणली होती. मोठ्या बांध्याची बाई, डोळे खोल गेलेले. नवरा तिला दारात ठेवून बंदरावर परत गेला. ती माझा हात सोडायची नाही. "दे गो बाये, दे," म्हणायची. तोंड पुसलं, अंग पुसलं, घाण काढली, थेंब थेंब पाजत राहिले. ती वाचली. उठून बसली, माझ्याशी गप्पा मारायला लागली. कुठल्या मोसमाला कुठली मासळी, नवऱ्याची दारू, पोरीचं लग्न. मला इतकं बरं वाटायचं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी उंबऱ्याच्या आत बसून बोलत होतं.

तिला न्यायला माणसं आली. लुगडं नीट करून ती दारापर्यंत गेली आणि परत आली. मला वाटलं, काही विसरली. ती माझ्या कानाशी वाकली.

"आमच्या कुनाला सांगू नको हां गो," ती म्हणाली. "तुज्या हातचा पानी प्याल्ये म्हनून."

मी मान हलवली. ती गेली. गरज सरो, वैद्य मरो. पण ती वाईट नव्हती, तिला गावात राहायचं होतं. हे मला कळत होतं आणि कळूनही आत काहीतरी मोडलं. खोताची काठी इतकी लागली नव्हती. खोत वरचा. ही माझ्यासारखीच कष्टाची, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरणारी. तिलाही माझा हात मरतानाच चालला.

खोली रिकामी झाली. साथ ओसरली होती. मी फरशी कार्बोलिकनं धुतली, चादरी उकळल्या, हात कोपरापर्यंत घासले, पातळ बदललं. मग दारात बसून राहिले. करायला काही नव्हतं. समोर आवाराच्या पलीकडे बायकांचा वॉर्ड दिसत होता. व्हरांडा, पायऱ्या, त्यावरून ये-जा करणारी चंद्राबाय. औषधाची वेळ झाली की मी उठून उभी राहायची. हाताला सवय. मग पुन्हा बसायची. असं वाटायचं की बोटीत बसावं आणि मुंबईला जावं. तिथं कुणाकडे जायचं, ते मात्र सुचायचं नाही.

अशाच एका दुपारी खोताची बायको आली. लांबून आली, वाटेवरच्या दगडावर थांबली. सोवळं नेसलेली नव्हती. तोंड उतरलेलं.

"अगो," ती म्हणाली, "ती दात उघडत नाही. सगळं गळून जातंय बाहेर. त्या दिवशी तुझ्या हातनं दोन घोट गेले होते पोटात. ये. पाज तिला."

मी उठले.

"मागल्या बाजूनं ये," ती म्हणाली. "न्हाणीकडलं दार उघडं ठेवलंय मी. हे कचेरीत गेलेत. कुणी बघायच्या आत पाज नि जा."

मागलं दार. माझ्या आजीचं दार, आईचं दार. तिथून आत गेलं की तुम्ही आला नव्हताच. काम झालेलं दिसतं, माणूस दिसत नाही. खारवीण कानाशी वाकली होती तेही हेच सांगायला.

"पुढल्या दारानं येते," मी म्हणाले.

"माझी सून मरत्येय आणि तुला दाराचं पडलंय?"

ती हे बोलली आणि रडायला लागली. ती खोटं बोलत नव्हती. सून खरंच मरत होती. मी तिथं वाद घातला नाही, अट घातली नाही. चालायला लागले. पायऱ्यांच्या दिशेनं, पुढल्या दारानं, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. पुढली वाट मागल्या वाटेपेक्षा लांब नव्हती. उलट जवळचीच होती. एवढी वर्षं आम्हाला लांबून फिरवलं होतं.

खोत कचेरीतून लवकर आला होता. व्हरांड्यात बाकावर बसला होता. मला पायऱ्या चढताना बघून उठला.

"तुला बंदी आहे," तो म्हणाला.

"औषधाची वेळ झाली," मी म्हणाले.

त्यानं काठी उचलली. मी बघत होते. ती खाली आली तेव्हा मी हात पुढं केला आणि ती धरली. डाव्या हातानं, कारण उजवं मनगट अजून दुखत होतं. काठीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तो ओढायला लागला. मग त्याच्या ध्यानात आलं. मी धरलेली काठी त्याच्याही हातात होती. चटका बसल्यागत त्यानं हात काढून घेतला.

मारताना काठीला विटाळ नव्हता. धरली तेव्हा झाला.

मी ती व्हरांड्यात आडवी टाकली आणि आत गेले. खाटांवरच्या बायका बघत होत्या. कार्बोलिकनं पुन्हा हात धुतले. बाटली हलवली, ग्लासात औषध मोजलं. सुनेच्या अंगाला हात लावला तर चटके बसत होते. मानेखाली हात घातला, ओठ ओले केले, गालाला बोटं लावली. दात हळूहळू सुटले. ती प्याली. डोळे उघडले नाहीत. ग्लास रिकामा झाला तेव्हा ओठ हलले.

"अजून," ती म्हणाली.

मी तिला पाणी पाजलं. पुष्कळ पाजलं. सासू दाराशी उभी होती, तिनं बघितलं. खोत आत आला नाही. तो विहिरीवर गेला होता, आंघोळीला.

बाहेर आले तर काठी तिथंच पडलेली. तिला आता खोत हात लावणार नव्हता आणि दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. चंद्राबाय तिच्याकडे बघत उभी.

"ह्येचं काय करू गो?"

"चुलीत घाल," मी म्हणाले. "हत्यारं उकळायची आहेत."

तिनं घातली. शिसवी लाकूड, चांगलं जळलं.

सून वाचली असती तर ही गोष्ट मी वेगळ्या आवाजात सांगितली असती. ती वाचली नाही. ताप रक्तात गेला होता, आणि त्या तापाला तेव्हा कुणाकडेच इलाज नव्हता. गेली तेव्हा तिच्या उशाशी मीच होते. खोतानं आवारात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "महारणीच्या हातचं प्याली, म्हणून गेली." डॉक्टरांना ठाऊक होतं ती कशानं गेली. ते मूग गिळून बसले. सासूला ठाऊक होतं मला कुणी बोलावलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि सुनेचं प्रेत नेणाऱ्या डोलीमागून चालू लागली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी तिची वाट बघत व्हरांड्यात उभी होते, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. एक शब्द हवा होता. तो आला नाही.

गावोगाव तेच पसरलं. पुष्कळ दिवस बायका माझ्याकडे बघून कूस बदलायच्या. मला काढायचं ठरलं होतं. माझ्या जागी एक नर्स आली, ती बोटीतून उतरली, आवार बघितलं, खोली बघितली, पुढच्या बोटीनं परत गेली. दुसरी आलीच नाही. म्हणून मी राहिले. कुणाला माझी दया आली म्हणून नाही, कुणाचं मन पालटलं म्हणून नाही. बाळंतिणी यायच्या थांबत नव्हत्या आणि हात दुसरे नव्हते. डॉक्टरांनी मला पुन्हा एकदा विचारलं, माफी मागता का? मी तेच उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अजून मी इथंच आहे. खोली तीच, गडगा तोच, समुद्राचा आवाज तोच. अजून एकटीच जेवते. चंद्राबायला आता पान देत नाही. ती येते, बसते, आम्ही बोलतो. पान हवं असेल तर तिनं मागावं आणि माझ्यासमोर खावं.

वॉर्डात कुणी म्हणतं, "वरून द्या हां." मी म्हणते, वरून देत नाही. ग्लास माझ्या हातात धरून त्यांच्या ओठांपर्यंत नेते. घेतात त्या घेतात. ज्या घेत नाहीत त्यांच्यासाठी चंद्राबाय आहे, औषध कुणाचं चुकत नाही. पण पुढच्या वेळेला त्यांच्यापुढं पहिला हात पुन्हा माझाच येतो. रोज येतो. गावातून बोलावणं आलं तरी जाते. पुढल्या दारात उभी राहते आणि हाक मारते, मी आले म्हणून. मागल्या वाटेनं मी कुणाच्याही घरात शिरत नाही, खोताच्या नाही, देवाच्याही नाही.

माझ्यावर हात उचलायचा असेल त्यानं खरोखरचा हात उचलावा. काठी आली तर मी ती धरणार. आणि मारून झाल्यावर औषधाची वेळ झाली असेल तर मुकाट्यानं तोंड उघडावं. औषध मिळेल. माझ्याच हातून मिळेल.